एका जागी बेचाळीस मोसम

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सरांचे कुटुंबीय, आणि मागच्या रांगांत ट्रॅकसूट घालून बसलेल्या मुलींनो,

तुमचा उल्लेख मुद्दाम वेगळा केला. व्याख्यानमालेचा श्रोता साधारण साठीच्या अलीकडे-पलीकडे असतो. तुम्हाला आज सराव बुडवून इथे आणून बसवलंय, हे मला दिसतंय. कंटाळा आला तर खुशाल उठून जा, मी हजेरी घेणार नाही. पण बसलात तर बरं होईल, कारण आजचं बोलणं तुमच्याविषयी आहे. बाकीच्यांनी ते ऐकून घ्यायचं आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलोय ते सर उभा जन्म शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. गावात त्यांना कुणी प्रशिक्षक म्हटलं नाही, कोच तर नाहीच नाही. 'पीटीचे सर' म्हणायचे. अशा माणसाच्या स्मृतिव्याख्यानात काय बोलावं? आयोजक म्हणाले, खेळावर बोला. आणि खेळावर बोला म्हटलं की आपल्याकडचा वक्ता क्रिकेटवर बोलतो. १९९० साली रमाकांत आचरेकरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आचरेकर सर कोण, हे या सभागृहात कुणाला सांगावं लागेल का? त्याच वर्षी तोच पुरस्कार व्हॉलीबॉलचे प्रशिक्षक ए. रमणा राव यांनाही मिळाला. हे नाव कितीजणांनी ऐकलंय? हात वर करू नका, उगाच ओशाळायला होईल.

तेव्हा आज व्हॉलीबॉल. आणि त्यातही एका कॉलेजच्या संघाचा प्रशिक्षक. डेव्ह शोजी हे त्यांचं नाव, आणि हवाई विद्यापीठाचा मुलींचा संघ हे त्यांचं काम. १९७५ साली ते होनोलुलूत या संघावर आले आणि २०१७ च्या फेब्रुवारीत निवृत्त झाले. मधे बेचाळीस मोसम. १,२०२ सामने जिंकले, २०४ हरले, एक बरोबरीत. व्हॉलीबॉलमध्ये बरोबरी! पण अधिकृत नोंदीत तो आकडा आहे. सरासरी काढा. मोसमाला अठ्ठावीस-एकोणतीस विजय आणि पाचाच्या आत पराभव, आणि हे एक-दोन वर्षं नाही, बेचाळीस मोसम.

आता तुम्ही म्हणाल, हवाई कुठे, आपण कुठे? तिथला माणूस जिंकला, छान झालं, आपल्याला त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. मला त्या १,२०२ विजयांचं कौतुक आहेच, पण त्याहून मोठं कुतूहल बेचाळीसच्या आकड्याचं आहे. एखाद्या माणसाला एका संघावर इतकी वर्षं राहता कसं येतं? त्याला राहू कोण देतं? चांगला प्रशिक्षक जगात कुठेही जन्माला येतो, आपल्याकडेही येतो. तो टिकतो कुठे, हा खरा प्रश्न आहे. शोजींच्या बाबतीत मला त्याची तीन उत्तरं दिसतात: एक कायदा, एक बाई आणि एक गर्दी. चौथं उत्तर शोजी स्वतः, आणि तेही काही कमी नाही. पण सुरुवात कायद्यापासून करू.

१९७२ पर्यंत अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींचा खेळ म्हणजे उरलंसुरलं. मुलांचा सराव संपला की जिम्नॅशियम मोकळं होणार, मग मुलींनी जायचं. पैसा नाही, शिष्यवृत्ती जवळजवळ नाहीच. २३ जून १९७२ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक एका कायद्यावर सही केली. त्यात 'टायटल नाइन' नावाचं एक कलम होतं. मूळ इंग्रजीत ते अवघं सदतीस शब्दांचं. मथितार्थ असा की, सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष म्हणून भेदभाव चालणार नाही. गंमत बघा, त्या सदतीस शब्दांत खेळ हा शब्दच नाही! कायदा आणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः प्रवेश आणि नोकऱ्या होत्या. पण कॉलेजचा संघ हाही शिक्षणाचाच भाग, म्हटल्यावर मैदान आपोआप आत आलं.

हे कलम ज्यांनी लढवलं त्यांत एक बाई हवाईच्या होत्या. पॅट्सी मिंक. माउई बेटावर जन्मलेल्या, जपानी वंशाच्या. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. बाई म्हणून एकाही वैद्यकीय महाविद्यालयाने घेतलं नाही, म्हणून वकील झाल्या, आणि पुढे अमेरिकी संसदेत गेल्या. गौरेतर वंशाची तिथली पहिली महिला सदस्य.

आणि आता १९७५ चं ऐका, कारण शोजींचं पहिलं वर्ष तेच. कायदा होऊन तीन वर्षं झालेली, आणि मैदानावर त्याचा परिणाम दिसू लागताच ओरड सुरू झाली होती. मुलींना दिलं तर मुलांचं कमी होईल, फुटबॉल बुडेल, वगैरे. ही ओरड कुठल्याही देशात, कुठल्याही भाषेत सारखीच असते. कलमाची धार बोथट करणारी एक दुरुस्ती सभागृहात आली. ऐन मतदानाच्या वेळी मिंक बाईंना निरोप आला की मुलीला मोटार-अपघात झालाय. त्या तशाच उठून गेल्या. आणि मतदान त्यांच्या बाजूविरुद्ध गेलं ते एका मताने! पुढे सभापतींनी सभागृहाला घडलेलं सांगितलं, पुन्हा मतदान झालं आणि कलम वाचलं. ते मतदान दुसऱ्यांदा झालं नसतं तर? अमेरिकेतल्या मुलींच्या खेळाचं काय झालं असतं, ते सांगता येत नाही. पण होनोलुलूत नुकत्याच रुजू होत असलेल्या एका अर्धवेळ प्रशिक्षकाची नोकरी फार दिवस टिकली नसती, असं मला वाटतं.

हो, अर्धवेळ. शोजी आले ते अर्धवेळ कामावर.

त्यांना आणणारी बाई म्हणजे डॉनिस थॉम्पसन. माझ्या मते या सगळ्या हकिकतीतलं सर्वांत मोठं माणूस तेच. या कृष्णवर्णीय. मूळच्या मैदानी खेळांतल्या. १९६१ साली हवाई विद्यापीठात आल्या, आणि १९७२ साली मुलींच्या खेळांच्या पहिल्या संचालक झाल्या. पॅट्सी मिंक वॉशिंग्टनमध्ये कायदा राखत होत्या आणि थॉम्पसन होनोलुलूत तो वापरत होत्या. कायदा करणं आणि कायदा वापरणं या दोन कामांत किती अंतर आहे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कपाटभर कायदे आहेत आपल्याकडे. थॉम्पसन बाईंनी काय केलं? एक खेळ निवडला. सगळ्या खेळांना थोडं-थोडं वाटून सगळ्यांनाच उपाशी ठेवण्यापेक्षा, बेटावरच्या मुलींना जो येतो, बेटावरच्या लोकांना जो आवडतो, तो पुढे काढला. व्हॉलीबॉल. आणि मुलींचा सामना फुकट दाखवायचा नाही, तिकीट लावायचं, हा आग्रह धरला. लोक हसले असतील. पण लोक आले.

व्हॉलीबॉल का, हेही सांगायला हवं. हा खेळ १८९५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक गावी विल्यम मॉर्गन नावाच्या वायएमसीएच्या माणसाने काढला. वायएमसीए जिथे गेली तिथे जाळी आणि चेंडू गेला. आपल्याकडेही तो तसाच आला. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० साली वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं, आणि तिथे शिकलेले शिक्षक देशभर पांगले. हवाईत समुद्रकिनाराच होता. वाइकिकीच्या आउटरिगर क्लबमध्ये १९१५ च्या सुमारास वाळूत जाळी लागली, आणि बीच व्हॉलीबॉलची सुरुवात तिथून मानतात. उसाच्या मळ्यांवर जपानी, चिनी, फिलिपिनो, पोर्तुगीज मजूर होते. त्यांच्या मुलांना परवडणारा खेळ हाच. दोन खांब, एक जाळी. आपल्या गावोगावी संध्याकाळी शूटिंग व्हॉलीबॉलला जी गर्दी होते तिचं कारणही हेच आहे. फक्की मारली की मैदान तयार.

तर कायदा झाला, बाई झाली. आता माणूस बघू.

शोजी कॅलिफोर्नियात वाढले. सांता बार्बराच्या विद्यापीठाकडून खेळले आणि तिथे राष्ट्रीय पातळीवर निवडले गेले ते सेटर म्हणून. सेटर, म्हणजे आपली जुनी मंडळी ज्याला लिफ्टर म्हणायची तो. मुलींनो, तुम्हाला हे ठाऊक आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. संघाला तीन स्पर्श मिळतात. पहिल्याने सर्व्हिस उचलायची, तिसऱ्याने स्मॅश. लोक टाळ्या वाजवतात तिसऱ्याला. मधला स्पर्श सेटरचा. पहिला पास चांगला आला तर तो जाळीजवळ उभा राहून बोटांच्या टोकांनी चेंडू वर सोडतो. पास वाईट आला तर धावतो, वाकतो, तोल सावरत चेंडूखाली शिरतो, आणि तरीही स्मॅशरला बरोबर तिच्या उंचीवर चेंडू मिळायला हवा. हे करताना त्याने पलीकडचे ब्लॉकर कुठे सरकताहेत ते एका नजरेत टिपलेलं असतं. आपल्याकडच्या तीन स्मॅशरपैकी आज कुणाचा हात चालतोय आणि मागच्या चेंडूला कोण चुकल्याने खट्टू झालीय, हेही त्याला ठाऊक लागतं. चेंडू हातात असतो तो क्षणाचाही अंश नाही, पकडला तर फाऊल. एवढ्या वेळात निर्णय. गुण सहसा सेटरच्या नावावर लागत नाही. असा खेळ खेळलेला माणूस प्रशिक्षक झाला, तर तो कशा प्रकारचा होईल? दुसऱ्याला चेंडू देणं हेच ज्याचं काम होतं, त्याला बाकावर बसून राहणं जड जात नसावं. हा माझा तर्क आहे, पण उत्तम प्रशिक्षकांत सेटर बरेच निघतात.

सामने व्हायचे क्लम जिम नावाच्या जुन्या इमारतीत. वातानुकूलन नाही. जेमतेम दोन हजार माणसं मावतील इतकी जागा, आणि उष्ण कटिबंधातली दमट रात्र. प्रेक्षक घामाघूम, खेळाडू घामाघूम, आणि बाहेरून कॅलिफोर्नियाहून आलेला संघ तर अर्धा तिथेच खलास. तिकिटं संपायची. बाहेर रांग उरायची. मुलींच्या कॉलेज-सामन्याला तिकिटं संपतात ही गोष्ट सत्तरच्या दशकात अमेरिकेत तरी कुठे ऐकू येत होती?

चार वर्षांत फळ आलं. १९७९ साली संघाने युटा स्टेटला हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. विद्यापीठाचं कुठल्याही खेळातलं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद, आणि ते मुलींनी आणलं. तेव्हा मुलींच्या कॉलेज-खेळांची वेगळी, बायकांनीच चालवलेली संघटना होती. पुढे पुरुषांच्या बलाढ्य संघटनेने, एनसीएएने, मुलींच्या स्पर्धाही आपल्याकडे घेतल्या आणि ती संघटना बंद पडली. एनसीएएच्या दुसऱ्याच स्पर्धेत, १९८२ साली, हवाईच्या मुली अंतिम सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध पहिले दोन गेम हरल्या. जुन्या नियमात सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळायचा, त्यामुळे मागे पडलेल्या संघाला वर यायचं म्हणजे आधी सर्व्हिस मिळवा, मग गुण मिळवा. दमछाक करणारं गणित. पुढचे तीनही गेम हवाईने घेतले. १९८३ ला पुन्हा विजेतेपद, या वेळी यूसीएलएला सरळ तीन गेममध्ये. आणि १९८७ ला स्टॅनफर्डविरुद्ध चौथं. डीट्रे कॉलिन्स ही या काळातली सर्वांत मोठी खेळाडू. ८२ आणि ८३ या दोन्ही विजयांत ती होती, १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये खेळली आणि पुढे स्वतः अनेक विद्यापीठांत प्रशिक्षक झाली.

इथे मी थोडा थांबतो, कारण वृत्तपत्रांतले गौरवलेख इथेच संपतात. चार विजेतेपदं, १,२०२ विजय, टाळ्या, पडदा.

पण तारखा नीट बघा. ७९, ८२, ८३, ८७. शोजी निवृत्त झाले २०१७ ला. शेवटच्या विजेतेपदानंतर ते आणखी एकोणतीस मोसम प्रशिक्षक राहिले. एकोणतीस! आणि त्या काळात एकही राष्ट्रीय विजेतेपद नाही. १९८८ ला अंतिम फेरीत टेक्सासकडून हरले. १९९६ ला अंतिम फेरीत स्टॅनफर्डकडून हरले. २००९ ला उपांत्य फेरीत पेन स्टेटकडून हरले. बाद पद्धतीची स्पर्धा आहे. जिंकणारा एक संघ सोडला तर प्रत्येकाचा मोसम पराभवाने संपतो. म्हणजे हा माणूस जवळजवळ दर डिसेंबरात हरून घरी परतत होता आणि पुढच्या ऑगस्टात नव्या मुली घेऊन उभा राहत होता. आपल्याकडे काय झालं असतं? दोन वर्षं करंडक आला नाही की संस्थेच्या सभेत कुणीतरी विचारतो, सर काय करतात?

विजेतेपद का येत नव्हतं? कारण जग बदललं होतं. टायटल नाइनमुळे देशभरच्या विद्यापीठांनी मुलींच्या खेळात पैसा ओतला. सुरुवातीला हवाई पुढे होती ती लवकर जागी झाली म्हणून. नंतर सगळेच जागे झाले. नेब्रास्का, टेक्सास, पेन स्टेट यांच्याकडे मोठी विद्यापीठं, मोठ्या तिजोऱ्या आणि मुख्य भूमी. हवाई बेटावर. होनोलुलूहून लॉस एंजेलिस सुमारे चार हजार किलोमीटर. मुंबई-कोलकात्याच्या दुपटीहून जास्त. परगावचा प्रत्येक सामना म्हणजे पाच तासांचा विमानप्रवास, झोपेचं खोबरं आणि अभ्यासाचं नुकसान. सव्वासहा फूट उंचीची ओहायोची मुलगी आईबापांपासून इतक्या दूर कशाला येईल? काही आल्या. स्वीडनहून अँजेलिका ल्युंगक्विस्ट आली आणि १९९६ ची देशातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. पण कणा राहिला तो बेटावरच्या मुलींचा. उंची कमी, म्हणून चेंडूवरचा ताबा जास्त. जमिनीलगत पडून उचललेले चेंडू, अचूक पास, दमदार बचाव. उंच संघ एका स्मॅशमध्ये जे करायचा, ते हवाईच्या मुली तीन वेळा चेंडू परत करून करायच्या. प्रेक्षकांना काय हवं असतं? लांबलेली रॅली. ती त्यांना मिळत होती.

नियमही पायाखालून सरकत होते. २००१ पासून प्रत्येक रॅलीला गुण. २००२ ला लिबेरो, म्हणजे फक्त मागे राहून बचाव करणारा खेळाडू, आला. पंधराचा गेम तीसचा झाला, मग पंचवीसचा. जे तंत्र शिकवून माणूस मोठा झाला ते अर्धं निकामी. पन्नाशी ओलांडल्यावर पुन्हा विद्यार्थी व्हायचं. केलं त्यांनी.

आणि लोक? लोकांनी पाठ फिरवली का? १९९४ साली दहा हजारांहून अधिक आसनांचं नवं बंदिस्त क्रीडागार उभं राहिलं. आधीचा बेत बराच लहान होता. क्रीडा संचालक स्टॅन शेरिफ यांनी मोठ्याचा हट्ट धरला, आणि ते पुरं होण्याआधी १९९३ साली त्यांचं निधन झालं. आज त्याला त्यांचंच नाव आहे. त्यानंतर कितीतरी वर्षं मुलींच्या व्हॉलीबॉलची देशातली सर्वाधिक सरासरी गर्दी याच बेटावर होती. विजेतेपदाशिवाय! मुलींचा संघ स्वतःच्या तिकिटांवर पैसा कमावतो, असं उदाहरण अमेरिकेतसुद्धा दुर्मीळ होतं. घरचे सामने टीव्हीवर दाखवले जायचे. आजीबाईंना पहिल्या सहा खेळाडूंची नावं, त्यांची शाळा, त्यांच्या काकांचं दुकान हे सगळं ठाऊक. कारण ती मुलगी शेजारच्या आळीतली असायची.

ही तिसरी गोष्ट, गर्दी. प्रशिक्षकाला एकोणतीस वर्षं करंडकाशिवाय राहू दिलं ते या लोकांनी. त्यांना करंडक नको होता असं मुळीच नाही. हरल्यावर तेही चिडायचे, दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर संघ निवडायचे, आपल्यासारखेच. पण ते पुढच्या शुक्रवारी पुन्हा तिकीट काढायचे.

आता एक अडचणीचा मुद्दा. तो टाळला तर मागच्या रांगेतल्या मुली मला माफ करणार नाहीत. मुलींच्या खेळासाठी कायदा आला, एका बाईने तो राबवला, आणि नोकरी मिळाली कुणाला? पुरुषाला. हे एकट्या शोजींचं नाही. १९७२ च्या आधी अमेरिकेतल्या कॉलेजांतल्या मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक बायका होत्या. बहुतेक जणी फुकट किंवा नाममात्र मानधनावर राबत होत्या. कायद्यामुळे त्या कामाला पगार आला, प्रतिष्ठा आली, आणि मग पुरुष आले. बायकांचं प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं आणि तिथेच रेंगाळलं. काम फुकटचं असेपर्यंत बाईचं, पगार लागला की पुरुषाचं. हे तुम्ही आणखी कुठे पाहिलंय का? स्वयंपाक आठवून बघा.

यात शोजींचा दोष नाही, पण शोजींची कारकीर्द सांगताना हे सांगायला हवं. म्हणूनच मला त्यांच्या निवृत्तीनंतरची गोष्ट महत्त्वाची वाटते. २०१७ ला त्यांच्या जागी आली रॉबिन आ माउ. होनोलुलूचीच मुलगी. नव्वदच्या दशकात शोजींच्या हाताखाली खेळली. सेटर. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलच्या मानाने बुटकी, पण सिडनी, अथेन्स, बीजिंग अशा तीन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळली, आणि २००८ ला बीजिंगमध्ये रौप्यपदक घेऊन आली. सेटरने संघ सेटरच्या हाती दिला, आणि पुरुषाच्या हातून तो बाईच्या हाती आला. बेचाळीस वर्षं लागली. उशीर झाला, हे माझं स्पष्ट मत आहे. पण बेटाला ती बाई बाहेरून शोधावी लागली नाही, हेही तितकंच खरं. ती त्याच मैदानात तयार झाली होती.

जाता जाता घरची एक गंमत. शोजींचे दोन मुलगे, कविका आणि एरिक. दोघेही व्हॉलीबॉल खेळायला निघाले ते कुठे? स्टॅनफर्डला! ज्या विद्यापीठाने बापाला अंतिम फेरीत हरवलं त्याच विद्यापीठात. २०१० ला दोघांनी मिळून स्टॅनफर्डला पुरुषांचं विजेतेपद मिळवून दिलं, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कांस्यपदकविजेत्या संघात दोघे भाऊ होते. थोरला सेटर, धाकटा लिबेरो. घरात स्मॅशर एकही निघाला नाही!

तर, मंडळी, आता आपल्याकडे येऊ. मी अमेरिकेची आरती ओवाळायला आलेलो नाही. तिथल्या कॉलेज-खेळात पैशाचा धुडगूस आहे. प्रशिक्षकांच्या दहशतीची प्रकरणं आहेत. खेळाडूच्या नावावर विद्यापीठांनी वर्षानुवर्षं कमावलं आणि खेळाडूला स्वतःच्या नावावर चार पैसे मिळवायची मुभा २०२१ साली मिळाली. ते आपल्याला नको. मला त्या गोष्टीतला एकच भाग हवा आहे. माणसाला एका जागी राहू देण्याचा.

आपल्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक नावाचं पद असतं. कागदावर असतं. तो माणूस निवृत्त झाला की जागा रिकामी राहते, आणि मग तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं. बी.पी.एड., एम.पी.एड. झालेलं, नेट-सेट पास झालेलं तरुण पोर. जून-जुलैत येतं, मार्च-एप्रिलात जातं. पुढच्या वर्षी तोच येईल याची खात्री त्यालाही नाही, मुलींनाही नाही. मानधन कधी मिळेल हे विचारायचं नाही. आणि या माणसाने करायचं काय? संघ बांधायचा, नॅक समितीसाठी फाइल तयार करायची, प्रजासत्ताक दिनाची कवायत बसवायची आणि ज्युनिअर कॉलेजच्या पोरांच्या क्रीडा गुणांची प्रमाणपत्रं रंगवायची. सेटर तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतात. हे काम दहा महिन्यांच्या माणसाने कसं करायचं? तुम्हीच सांगा.

शोजींची सुरुवातही अर्धवेळच झाली, हे मी मघाशी सांगितलं. फरक एवढाच की तिथे कुणीतरी तो अर्धा वेळ पूर्ण केला.

ज्या सरांच्या नावाने ही व्याख्यानमाला आहे त्यांना ती संधी मिळाली होती. त्या काळी कायम नोकरी होती, बदली नव्हती, आणि गाव संध्याकाळी मैदानावर यायचं. या सभागृहात बसलेल्या अर्ध्याअधिक लोकांनी त्यांच्या शिट्टीवर मैदानाला फेऱ्या मारल्या आहेत. तुमच्यापैकी कुणी आज संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे, कुणी नगरपरिषदेत आहे, कुणी पत्रकार आहे. स्मारक म्हणून पुतळा नको, कमान नको. या कॉलेजमधली शारीरिक शिक्षण संचालकाची जागा रिकामी आहे, ती भरून घ्या. सरकारकडे पाठपुरावा करा. तोवर संस्थेने स्वतःच्या पैशातून एक माणूस निदान पाच वर्षांसाठी नेमावा. आणि जमल्यास ती बाई असावी, या मुलींपैकीच कुणीतरी शिकून परत आलेली.

दुसरी विनंती त्याहून सोपी आहे. पुढच्या आठवड्यात याच मैदानावर मुलींचे आंतरमहाविद्यालयीन व्हॉलीबॉल सामने आहेत. दुपारी चारला सुरू होतात. तिकीट नाही. कृपया या, आणि येताना घरातल्या आजीला घेऊन या.